मधलं पांढरं

आये, परवा तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला सगळी बोलली. आबांचे दोस्त बोलले, विहारातले गुरुजी बोलले, कमळाकाकी माईक धरून रडलीच नुसती पण रडता रडता चार वाक्यं बोलली. मंग कोणतरी बोललं, आता सूनबाई दोन शब्द बोलतील, आणि माईक आला माझ्यापाशी, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. पोर कडेवर होती, मैत्रीनं माईक धरला आणि चाटला. सगळी हसली, आबा पण हसले, आणि माझं बोलायचं तसंच ऱ्हायलं. म्हणून लिहिते. आठवीपत्तर शिकलेली बाई मी, माझं अक्षर तुला ठाव हाय, दुकानाची यादी लिहून दिली की तू बोलायचीस, ही यादी हाय का मुंग्या चालल्यात गो.

गोधडी खाटेवर हाय, तू ठेवायचीस तितंच. मैत्रीची गोधडी. चारी बाजूनी झालेली आणि मधी दोन वीत जागा मोकळी, तितं खालच्या साडीचा जांभळा रंग दिसायचा. येणारी जाणारी बाई बघायची आणि बोलायची, अरेरे, मधलं तेवढं ऱ्हायलं बाईचं. कोणाला सांगू, ऱ्हायलं नाय, माझ्यामुळं ऱ्हायलं.

हे मला माईकवर सांगायचं होतं. जमलं नसतं.

तुझ्या घरात मी आले तवा काय होते मी. शिवथरकडच्या घरातनं, बापानं दार लावून घेतलेलं, संदेश आणि मी एकाच कंपनीत पॅकिंगला, तितंच जमलेलं आमचं, आणि तुम्ही लोकांनी विहारात लग्न लावून दिलं. सकाळी तू माझ्यासमोर साडी ठेवलीस. पांढरीशुभ्र, कडेला बारीक निळी पट्टी, महाडच्या बाजारात दोन दुकानं फिरून आणलेली. आणि मी रडाया लागले. सगळ्यांना वाटलं मायेरची आठवण आली. काकीनं पाणी दिलं. मायेरची आठवण नव्हती गो ती, मला भ्या वाटलं. आमच्यात पांढरं नेसते ती नवरा गेलेली. मी मनात बोलले, हे काय, लग्नाच्याच दिवशी ही बाई मला रांडवपण नेसवते. नेसले मी, पण निऱ्या तू घातल्यास.

वरीसभर तुला अहो आई करत होते. तुम्ही बसा, तुम्ही जेवा. एक दिवस तू भात वाढता वाढता बोललीस, "मी काय तहसीलदार हाय का? हिकडं सगळी आयेला अरेतुरेच करतात." मी बोलले, "बरं, अहो आये." तू पळी खाली ठेवून हसत बसलीस, भात निवला. त्या रात्री जेवल्यावर मी तुला पांढऱ्याचं सांगितलं, लग्नात का रडले ते. मला वाटलं तुला राग येईल. तू सुपारी कातरत होतीस, कातरतच ऱ्हायलीस. मंग बोललीस, आमच्यात ते मरणाचं नाय आणि लग्नाचं पण नाय. ते वंदनेला बसायचं कापड हाय. लग्न असू दे, बारसं असू दे, माणूस गेलेलं असू दे, जयंती असू दे, मार्चात महाडच्या तळ्यावर जायचं असू दे, सगळी एकाच रंगात बसतात, कोण कुणाची सून आणि कोण कुणाकडं भांडी घासते ते मागनं वळखू येत नाय.

मी हां बोलले. समजलं होतं पण अंगात गेलं नव्हतं. कानातनं आत गेलं आणि तितंच बसलं.

गोधडी वाचायची तू शिकवलीस मला. मला तर ठाव पण नव्हतं की ती वाचतात. मे महिन्यात सगळ्या वाडीच्या गोधड्या नदीवर धुवायला जायच्या आणि कातळावर सुकत पडायच्या, आणि आपण दोघी पाय पाण्यात सोडून बसायचो, आणि तू एकेक गोधडीकडं बोट करून सांगायचीस जसं कोण पेपर वाचून दाखवतं. ती बघ, बारीक टाका, ओळीत, भाताच्या रोपासारखा, ती बाई सुखात होती तवा, घरात कोण टाकून बोलत नव्हतं तिला. ती बघ, तिकडं टाका दाबून दाबून घातलाय, कापड चुरगळलंय, सासूशी भांडून बसलीय ती. ते लाल ठिगळ बघ, सगळ्या फिक्या रंगात येकटंच लाल, ती बाई ज्या साली मुंबयवरनं कायमची परत आली ना गावाला, त्या सालचं हाय. मी बोलायचे, आये, तुला कसं कळतं, कापडच ते. तू बोलायचीस, "कापड नाय, हात. माणूस तोंडानं खोटं बोलंल, सुई धरली की खोटं बोलता येत नाय त्याला."

काकीची गोधडी तर तू सगळ्यांसमोर वाचलीस. तीन फेरे एकदम बारीक, आणि चवथ्या फेऱ्याला टाका येवढा लांब, बोटभर. तू बोललीस, "हितं हिचा नवरा मुंबयवरनं सुट्टीला आला." सगळ्या बाया हसल्या. काकीनं तुझ्या अंगावर पाणी उडवलं आणि बोलली, "आणि तुझ्या गोधडीत काय दिसतं गो सुले? सगळे टाके सारखे. जनमभर कोणाला कळू दिलं नाय तुझ्या पोटात काय हाय."

तू कापड पिळत ऱ्हायलीस.

मंग मैत्री झाली, आणि माझं सगळं अंग म्हंजे भ्याच झालं नुसतं. ती झोपली की भ्या, श्वास घेते का नाय म्हणून नाकाशी बोट धरायचे, ती रडली की भ्या, नाय रडली तरी भ्या, पाल दिसली, कुकरची शिट्टी झाली, ढग वाजला, संदेश मोटारसायकलवरनं उशिरा आला, कसलं पण. तू मला कधी बोलली नाय की भिऊ नको. तू बोलायचीस, भी, पण जेवून भी. आणि ताट पुढं सारायचीस. त्याच दिवसांत तू मैत्रीची गोधडी धरलीस, आणि मी पहिला नियम घातला, सुई हातात असताना पोरीला जवळ घ्यायचं नाय, बारीक पोर हाय, कुटं टोचली तर. तू बोललीस, "बरं सायेब."

आबांचा सदरा त्यात घातलास, कोपरा झिजलेला. संदेशची शाळेची खाकी चड्डी. माझा पहिला पंजाबी ड्रेस, कंपनीत जायचे तवाचा, तो नको बोलले मी तर तू बोललीस, ह्याच ड्रेसमधी तो भुलला, पोरीला कळाया नको का. निळं ठिगळ जयंतीच्या झेंड्याचं नव्हतं, तुझ्या जुन्या साडीचं होतं, मी विचारलं तवा बोललीस, झेंडा कोण कापतं काय. कडेनं सुरू केलीस, चारी बाजूनी एक फेरा, मंग त्याच्या आत फेरा, मंग त्याच्या आत, आणि मधली जागा शेवटाला. तू बोललीस, मधी पोराच्या आईच्या लग्नाचं पांढरं लावायचं. संदेशच्या गोधडीत माझं होतं, माझ्या गोधडीत माझ्या आईचं. काकी बाजूला बसून तांदूळ निवडत होती, ती बोलली, "वाडीत असं कोण करत नाय गो, हिच्याच घरचं खूळ हाय हे." तू बोललीस, हो, खूळच हाय, तिची साडी आण.

मी आणली नाय. मी बोलले, उद्या देते.

त्या दुपारी आईचा फोन आला, शिवथरवरनं. बाप शेतावर गेला की ती करते, दोन मिनटं, हळू आवाजात. मी सांगितलं गोधडीचं. ती बोलली, "बाळावर पांढरं घालू नको गो. माझं ऐक. मी काय बघायला येत नाय तर येवढं तरी ऐक." आये, तिचा आवाज असा झाला की मी फोन दोन्ही हातांनी धरला. ती माझी आई हाय. ती पोरीला बघायला पण येऊ शकत नाय आणि तरी तिकडं बसून घाबरते तिच्यासाठी, माझ्यासारखीच. मला भ्या कुठनं आलं ते तवा कळलं मला.

दुसऱ्या दिवशी तू परत मागितलीस. त्या दिवशी काकीनं एक हिरवं ठिगळ आणलं होतं, तिच्या पातळाचं, आणि तू ते लावत होतीस. मी बोलले, "आये, पांढरं नको. बाळावर नको." तू सुई थांबवलीस. मला बघितलंस, रागानं नाय, असं बघितलंस जसं लांबच्या पाटीवरचं वाचायचा प्रयत्न करतात तसं. आणि बोललीस, "माझं पण पांढरंच होतं. संदेशला घातलं. त्याचं काय वाईट झालं?"

मी तितंच उभी ऱ्हायले, पदराचं टोक पिळत. बोलायला पायजे होतं, नाय आये, काय वाईट नाय झालं, तुझ्या पांढऱ्यात वाढलेला पोरगा बघूनच मी घर सोडलं. सगळं होतं तोंडात. बोलले नाय. तू बोललीस, बरं, आणि हिरव्याला टाका घातलास, आणि परत कधी मागितलं नाय.

त्यानंतर महिनाभर तू शिवत होतीस आणि मी बघत होते आणि आपण भाजीबद्दल बोलत होतो. मंग एके दिवशी छातीत दुखतंय बोललीस, पित्त हाय बोललीस, ओवा चावलास. आणि मंग महाडला नेलं, आणि मंग तू आली नाय. ते काय मी लिहीत नाय. ते सगळ्यांना ठाव हाय.

पाचव्या दिवशी का सहाव्या, मी गोधडी उघडली. हात लावायला भ्या वाटत होतं तरी उघडली, कारण तूच शिकवलंस, तोंड खोटं बोलंल, हात नाय. मला बघायचं होतं तू रागावली होतीस का. हिरवं ठिगळ सापडलं, त्याच्या बाहेरचे फेरे म्हंजे भांडणाच्या आधीचे, सगळे सारखे, तुझे, रोपासारखे. आणि हिरव्यापासनं आत जे फेरे होते ना, ते वाकडे. टाका हिकडं उडालेला, तिकडं उडालेला, मधीच लांब, मधीच दोन येका जागी, येका ठिकाणी तर दोरा उसवून परत घातलेला. तुझा हात असा कधीच नव्हता. मी तितंच खाली बसले. जनमभर कोणाला कळू दिलं नाय आणि माझ्यावर रागावलीस तवा कापडावर सांडलं सगळं, असं वाटलं मला. मी त्यातला राग वाचला, दुःख वाचलं, सगळं वाचलं, फेरा फेरा करून, आणि गोधडी घडी करून ठेवली आणि दोन दिवस रडले. संदेशला वाटलं तुझ्यासाठी रडते. तुझ्यासाठीच रडत होते, पण असं.

मंग काकी आली, चहा घेऊन बसली, आणि मी ऱ्हाववेना म्हणून गोधडी तिच्यापुढं टाकली. बोलले, "काकी, हितनं पुढं बघा. आये माझ्यावर रागावली होती ना?"

काकीनं चष्मा वर केला, खाली केला, बोटानं टाके चाचपले. मंग ती हसाया लागली. चहा सांडला तिचा.

"हा राग नाय गो. ही तुझी पोरगी हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे. दुपारी तू झोपायचीस ना मेल्यासारखी, आणि ही झोळीत ऱ्हायची नाय. मंग सुली हिला मांडीवर घ्यायची आणि शिवायची. ही मारायची लाथ, सुई जायची भलतीकडं. मला बोलली, कमळे, सुनेला सांगशील तर तुझ्या घरी पाणी पिणार नाय."

"सुई हातात असताना?"

"मंग काय तोंडात? लागली की येकदा सुई. हिला नाय, सुलीच्या बोटाला. हितं बघ." आणि तिनं मला दाखवलं, निळ्याच्या कडेला बारीक तपकिरी ठिपका, मी तो चहाचा समजले होते.

आये, मी काय काय वाचलं होतं त्यात. आणि ती नुसती लाथ होती, सात महिन्यांच्या पोरीची. मला राग यायला पायजे होता, तू माझा नियम मोडलास, सुई आणि पोर, माझं काळीज आता पण धडधडतं लिहिताना. पण मी ठिपक्यावर बोट ठेवून बसले आणि मला इतकं शांत वाटलं की काकीला वाटलं मला चक्कर आली.

मी विचारलं, पांढऱ्याचं काय बोलली ती. काकी बोलली, "काय नाय. मी बोलले तिला, नाय देत तर नको देऊ दे, निळं टाक मधी. तर बोलली, ऱ्हाऊ दे, तिला वेळ लागतो. कुकर थंड झाल्यावर पण अर्धा तास लांब उभी ऱ्हाते ती."

पुण्यानुमोदनाला नेसायला माझ्याकडं पांढरं एकच होतं. लग्नानंतर घडी मोडली नव्हती, घडीवर पिवळी रेघ पडली होती. नेसले. ह्या वेळी निऱ्या मीच घातल्या, वाकड्याच आल्या. विहारात गेले, मैत्री कुरकुरत होती म्हणून मागं भिंतीपाशी बसले, आणि पुढं बघितलं तर सगळ्या बाया पाठमोऱ्या, पांढऱ्या, डोक्यावर पदर, वंदना चालू. आणि खरंच, आये, कोण काकी आणि कोण तिची सून आणि कोण त्या शाळेतल्या बाई, काय कळत नव्हतं. आणि माझे डोळे त्यांच्यात तुझी पाठ शोधत होते. मला खरंच वाटलं, तू असशील, तिसऱ्या रांगेत खांबाच्या बाजूला, तुझ्या जागेवर, नुसती वळखू येत नाय येवढंच. वंदना संपेपत्तर मला असंच वाटत होतं. मंग लोक उठले.

त्यातलं कोणी मला रांडव वाटलं नाय, आणि कोणी नवरी पण नाय. सगळी जमली होती, येवढंच होतं ते. तू सांगितलेलं कानातनं खाली उतरलं तवा, तीन वर्षांनी.

काल साडी कापली. संदेश दारात उभा होता, बोलला, "लग्नाची हाय ती, विचार कर." मी बोलले, फोटो हायत की. तो बोलला, फोटोत तू रडतेस. कात्री धरली आणि पहिली चीर वाकडी गेली. निऱ्यांमधला तुकडा घेतला, स्वच्छ, दोन वीत, कडा आत दुमडल्या, मधी ठेवला. जांभळं झाकलं. सुई ओवायला मला चार वेळा लागलं आणि मैत्रीला मी संदेशकडं दिली, लांब, अंगणात, तू हस खुशाल.

आज दुपारी आईचा फोन आला. मी अर्धा फेरा घातला होता. तिनं तुझं विचारलं, कसं झालं सगळं, लोक किती होते, जेवणाला काय केलं. मंग बोलली, काय करतेस. आये, मी खोटं बोलू शकले असते, भांडी घासते बोलू शकले असते. मी बोलले, "गोधडीच्या मधी पांढरं लावते. माझ्या लग्नाचं."

तिकडं तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं ते ऐकू आलं.

मी बोलले, "आई, तुझ्या दारात पांढरं म्हंजे माणूस गेलं. हिकडं पांढरं म्हंजे माणसं जमली. मैत्री हिकडची हाय. आये नेसायची, तिच्या लेकराचं काय वाईट झालं नाय, त्यानं तुझी पोर सांभाळलीय." एका दमात बोलले, भिंत धरून उभी होते. तुला द्यायचं उत्तर होतं ते. दीड महिना उशिरा आणि भलत्याच आईला दिलं.

ती तिकडं श्वास घेते ते ऐकू येत होतं. फोन ठेवील असं वाटलं, बाप आला असंल, दोन मिनटं तर कधीच झाली होती. तवा अंगणात मैत्री रडाया लागली, मोठ्यानं, भूक लागली की रडते तशी, आणि संदेश तिला घेऊन आत आला.

आई बोलली, "ती रडते का?"

"हां."

"आवाज मोठा हाय."

"हां. आयेसारखा."

"मंग घे की तिला, फोनवर काय बसलीस."

मी बोलले, ठेवू का मंग. ती बोलली, नको, असू दे चालू. मी फोन गोधडीवर ठेवला, मधी, आणि पोरीला पदराखाली घेतलं, आणि ती गप झाली, नुसता चुटूचुटू आवाज. तिकडनं आई काय बोलली नाय. पण ती होती. पोरीचं पोट भरून ती झोपेपत्तर होती.